पानापानावरचं नाव

सोमवारी सकाळी योगिनीनं संगणक उघडला आणि तिचं खातं बंद झालेलं दिसलं. पासवर्ड बरोबर होता, नेट चालू होतं, पण पुस्तकाच्या जागी इंग्रजीत दोन ओळी झळकत होत्या: आपलं खातं गोठवण्यात आलं आहे, ग्रंथालयाशी संपर्क साधावा. तिला वाटलं, नेहमीचीच रड असेल. त्या परदेशी प्रकाशनाच्या पुस्तकांचे नखरे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होते. पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडायचं, अख्ख्या संस्थेत एका वेळी एकानंच वाचायचं, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. त्यातलं एखादं वाक्य उचलून आपल्या टिपणात घ्यावं म्हटलं तर उचलता येत नाही, आणि स्क्रीनशॉट काढायला जावं तर काळाकुट्ट चौकोन हाती येतो. संस्थेनं ही पुस्तकं विकत घेतली आहेत, असं ग्रंथपाल मोनाली मॅडम म्हणायच्या. विकत आणलेल्या म्हशीची धार काढायला रोज जुन्या मालकाची परवानगी लागत असेल तर तिला विकत आणलेली म्हणायचं का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारून उपयोगही नव्हता, कारण करारावरची सही त्यांची नव्हती, संचालकांची होती.

योगिनी पिशोरच्या कारभारी नावाच्या मेंढपाळाची मुलगी. घरात पीएच.डी.पर्यंत आलेली पहिलीच, आणि आलेली तीही मेंढरांचाच विषय घेऊन. पिशोरहून निघून हिवाळाभर कुठल्या वाटेनं मेंढरं फिरतात, कुणाच्या शेतात बसतात, कुठली वाट आता कारखान्यांच्या कुंपणात गेली, हे सगळं तिनं औरंगाबादला जालना रोडच्या मागच्या गल्लीतल्या या दख्खन लोकजीवन संशोधन केंद्रात बसून लिहून काढलं होतं. प्रबंध पुरा झाला होता. डिसेंबर संपायच्या आत ग्रंथालयाचा ना-हरकत दाखला जोडून तो सादर करायचा, एवढंच उरलं होतं. मुदत चुकली तर नोंदणी रद्द, आणि सगळ्या वर्षांचं काम पाण्यात.

मोनाली मॅडमनी तिला बसा म्हटलं नाही. त्यांनी टेबलावर कागदांचा गठ्ठा सरकवला.

"ही पानं इंटरनेटवर सापडलीत. फुकट वाटत फिरतायत सगळीकडे. प्रकाशनाचं पत्र आलंय, आणि त्यांनी फक्त तुझं नाही, अख्ख्या संस्थेचं खातं बंद केलंय. रामप्रसाद सरांचं, माझं, सगळ्यांचं. खाली नाव बघ कुणाचं आहे."

बघायची गरज नव्हती. ॲपमधून एका वाचकाला एकदाच एक प्रकरण छापून घेता येत असे, आणि छापलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी वाचकाचं नाव, ईमेल आणि तारीख आपोआप उमटे. 'केवळ योगिनी कारभारी यांच्या वैयक्तिक वापरासाठी', असं इंग्रजीत, बारीक पण ठसठशीत. हे प्रकरण तिनंच दिवाळीआधी छापून घेतलं होतं. मेंढरांच्या कानांवरच्या खुणांबद्दलचं ते प्रकरण होतं.

"मी कुठंच टाकलं नाही मॅडम."

"मग कुणी टाकलं? पत्रात वकिलानं काय लिहिलंय ते वाच. पहिल्या पानावर पिवळा आणि लाल डाग आहे, तो ओळख पटू नये म्हणून मुद्दाम पाडलेला असू शकतो म्हणे."

योगिनीनं पहिलं पान जवळ घेतलं. डाग कसला, हळदीकुंकू होतं ते. वर हळदीचं बोट, खाली कुंकवाचं, किंचित डावीकडं घसरलेलं. तिच्या आईला, पुतळाबाईला, घरात आलेल्या कुठल्याही नव्या वस्तूला हळदीकुंकू वाहिल्याशिवाय चैन पडत नसे. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर असो, नवा मोबाईल असो, नाहीतर गॅसची टाकी. आणि तिचं बोट कायम डावीकडं घसरायचं, कारण उजव्या हाताच्या त्या बोटाला विळ्यानं कापल्याची जुनी खोट होती. लंडनच्या वकिलाला तो कटाचा पुरावा दिसत होता. योगिनीला आपल्या घराचा उंबरा दिसला.

दिवाळीला घरी जाताना तिनं ते प्रकरण बसमध्ये वाचायला म्हणून बरोबर घेतलं होतं आणि परतताना घाईत फडताळावर विसरली होती. परत येऊन दोनच दिवस झाले असतील, वडिलांचा फोन आला होता. वडलांना घरात सगळे अण्णा म्हणत. अण्णा म्हणाले होते, "पाहिलं बरं का योगी. लई भारी काम केलंस. आमाला सांगितलं बी नाय." दिवाळीच्या वेळी तिनं त्यांच्यासाठी चार्जिंगची टॉर्च मागवली होती, ती उशिरा पोचली असावी असं समजून ती म्हणाली होती, "आवडली ना? मग झालं तर." दोघंही आपापल्या जागी खूश होऊन फोन ठेवून मोकळे झाले होते.

आता तिला सगळं लख्ख दिसलं. रामप्रसाद सरांना, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांना, दोन दिवसांची सुट्टी सांगून तिनं पिशोरची एसटी धरली.

*

अण्णांची मेंढरं गावाबाहेर एका शेतात बसवलेली होती. कापूस निघालेल्या रानात वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून आत मेंढरं, आणि बाहेर लिंबाखाली अण्णा घोंगडीवर. योगिनीला बघून ते उठून उभे राहिले. लेकीला बघून बाप उभा राहतो, हे तिला एरवी विचित्र वाटलं असतं. त्या दिवशी तिला त्याची भीती वाटली.

"आण्णा, फडताळावरचे ते कागद कुणाला दिले तुम्ही?"

"आली का खबर तिथवर?" अण्णा हसले. "कुणाला दिले काय इचारती. ज्यानं मागितले त्याला दिले. बाजारात झेरॉक्स काढून घेतल्या. आपल्या भावकीत दिल्या, मामाकडं दिल्या, द्वारकाबाईनं तर हट्टानं नेली. लासूर स्टेशनच्या पावण्याला झेरॉक्स कमी पडली, त्याला तुही मूळचीच धाडली. त्याच्या पोरानं फोटो काढून समाजाच्या ग्रुपवर टाकलं, आन् मग काय, लोकांचे फोनच फोन."

त्यांनी खिशातून मोबाईल काढून तिच्या हातात दिला. ग्रुपवर पानांच्या वर कुणीतरी लिहिलं होतं: 'आपल्या समाजाच्या लेकीनं लिहिलेलं इंग्रजी पुस्तक, परदेशात छापलं. अभिमान वाटत असेल तर पुढं पाठवा.' अभिमान पुष्कळांना वाटलेला दिसत होता. खाली फुलांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली होती, कुणी 'ताईसाहेबांचा सत्कार ठेवा' म्हणत होतं, आणि वैजापूरकडच्या एका मास्तरानं सर्व समाजबांधवांच्या सोयीसाठी सगळी पानं जोडून फुकट पुस्तकांच्या कुठल्याशा साइटवर चढवल्याचं मोठ्या भक्तीनं कळवलं होतं.

"आण्णा, हे पुस्तक माझं नाही."

"नाय कसं? तुहं नाव हाय की खाली. पानापानावर."

अण्णांना मराठी वाचता येत होतं, चौथीपर्यंत शाळा झाली होती. इंग्रजी मात्र एवढंच यायचं, लेकीचं नाव. ती बारावीनंतर औरंगाबादला कॉलेजात जायची तेव्हा प्रवेशाची यादी बोर्डावर इंग्रजीत लागे, आणि यादी बघायला अण्णा जात, कारण मेंढरं कुणावर तरी टाकून जाणं त्यांना जमे आणि तिला परीक्षेतून उठणं जमत नसे. पहिल्या खेपेला कुणीतरी भलत्याच नावावर बोट ठेवून नाही म्हणून सांगितलं. ते तोंड पाडून घरी आले, आणि नाव यादीत होतं. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडून तिचं नाव इंग्रजीत चुन्याच्या डबीवर खिळ्यानं कोरून घेतलं आणि पाठ केलं. त्यानंतरची प्रत्येक यादी त्यांनी स्वतः वाचली.

आणि आता याच माणसानं फडताळावरून ते कागद काढले तेव्हा त्याला काय दिसलं? त्याच्या मेंढरांच्या कानांची चित्रं दिसली. डाव्या कानाला दोन खाचा, ती आपली; उजव्या कानाचं टोक उडवलेलं, ते चुलत्याचं. एका पानावर तर तो स्वतःच होता, मांडीवर कोकरू घेऊन, दहा-पंधरा वर्षांनी तरुण. आणि प्रत्येक पानाखाली त्याला जगात वाचता येणारं एकमेव इंग्रजी नाव होतं. त्यानं दुसरं काय समजावं? योगिनीनं स्वतःलाच विचारून पाहिलं, तिलाही दुसरं उत्तर सुचलं नाही.

"हे सोनिया मॅडमचं आहे," ती म्हणाली. "दिल्लीच्या बाई आल्या होत्या बघा, मी शाळेत होते तेव्हा. दोन हिवाळे आपल्यासोबत फिरल्या. त्या आता तिकडं इंग्लंडात शिकवतात. त्यांनी लिहिलंय."

"त्या बाईनं?" अण्णा जरा विचारात पडले. "चांगली व्हती बाई. भाकर मोडून खायाची. मंग तिचं नाव कामून नाय खाली?"

"तिचं अख्ख्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे, ते पान या कागदांत नाही. खालचं नाव, पुस्तक कुणी लिहिलं ते सांगायला नसतं आण्णा. कुणी वाचायला घेतलं ते सांगायला असतं. उद्या पान भलतीकडं सापडलं तर कुणाला धरायचं, ते कळावं म्हणून."

वाघुरीच्या आत एक मेंढी खोकली. अण्णांनी घोंगडीवरची काडी उचलून मोडली आणि सावकाश म्हणाले, "आपल्यात खूण ज्याची त्याचं मेंढरू. कोर्टातबी चालतं. आन् ह्ये लोक... म्हंजे चोराचं नाव आधीच टाकून ठिवत्यात? चोरी व्हायच्या आधी?"

"तसंच."

"आन् तू दिलं तुहं नाव?"

नाव दिल्याशिवाय पुस्तक उघडतच नाही. आपल्याच बापाच्या मेंढरांबद्दल वाचायला तिनं 'मला मान्य आहे' या चौकोनात टिचकी मारली होती, इतरांसारखीच, न वाचता.

प्रकाशनाची पहिली अट होती की सगळ्या प्रती गोळा करून नष्ट कराव्यात. इंटरनेटवरच्या प्रती त्यांच्या त्यांनी उतरवल्या होत्या, कागदाच्या प्रती गोळा करणं योगिनीच्या डोक्यावर होतं. दुसऱ्या दिवशी अण्णा आणि ती दोघं घरोघर फिरली. योगिनीला वाटलं होतं, दारात उभं राहून अण्णा सांगतील की चूक झाली, पुस्तक पोरीचं नव्हे. पण पहिल्याच घरात ते म्हणाले, "छापताना गडबड झालीय जरा. माघारी मागवल्यात. नवी येनार हायत." आणि तिच्याकडं बघितलं नाही. तिनंही त्यांना खोटं पाडलं नाही. प्रत्येक घरात चहा होत होता, प्रत्येक घरात तिला लोक जागेवरून उठून बसायला देत होते, आणि ती नव्या प्रतीची कबुली दिल्यासारखी मान हलवत होती.

द्वारकाबाईनं मात्र प्रत द्यायला साफ नकार दिला. ही अण्णांची चुलत चुलती, वय किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. कानाच्या चित्रांत तिच्या मालकाची खूण होती, आणि तो माणूस व त्याची मेंढरं दोन्ही जाऊन जमाना झाला होता. "नवी आन, मंग ही ने," ती म्हणाली. "त्याची खूण आता कुनाच्या बी कानाला नाय. हितंच हाय फकस्त."

"आजी, ते माझ्या अंगाशी येईल," योगिनी म्हणाली.

म्हातारी आत गेली, गाठोडं सोडलं, आणि घडी घातलेली पानं आणून अण्णांच्या हातात दिली, योगिनीच्या नाही.

*

रामप्रसाद सर वाईट माणूस नव्हते. फुलंब्रीकडं बागायती, घरात दोन पिढ्या मास्तरकी. योगिनीचा विषय त्यांनीच समितीपुढं भांडून पास करून घेतला होता. पण त्यांचंही खातं बंद होतं, त्यांचाही लेख अडकला होता, आणि संस्थेतले लोक जेवणाच्या वेळी योगिनी आली की बोलणं थांबवत होते. सगळ्यांना लवकरात लवकर हे मिटायला हवं होतं.

योगिनीनं सोनिया मॅडमना पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर लगेच आलं, लांबलचक आणि मनापासून. फार वाईट वाटलं. कारभारींना नमस्कार सांग. त्यांच्या हातची लसणाची चटणी अजून आठवते. मी प्रकाशनाला कळवलं, पण हक्क करारानं त्यांच्याकडं गेलेले आहेत, आणि खरं सांगू का, माझं पुस्तक मलासुद्धा त्याच ॲपमधून वाचावं लागतं. योगिनीनं ते पत्र दोनदा वाचलं. चटणी आठवणाऱ्या बाईंना पुस्तकात अण्णांचं नाव घालता आलं नव्हतं. फोटोखाली 'माहिती देणारा एक मेंढपाळ, कन्नड तालुका' एवढंच होतं. प्रस्तावनेत त्याचं कारणही दिलेलं होतं, की या लोकांची ओळख सुरक्षित राहावी.

"प्रकाशनाचं म्हणणं सरळ आहे," सर म्हणाले. "तुझा हेतू नव्हता हे त्यांना मान्य आहे. पण मग ज्यानं कॉपी केली त्याचं नावानिशी निवेदन पाहिजे. ते आलं की ते खातं उघडतात, मोनाली मॅडम दाखला देतात, आणि तू प्रबंध टाकून मोकळी. मी मसुदा करून ठेवलाय."

मसुदा तिनं वाचला आणि एका शब्दावर थांबली. "सर, निरक्षर कशाला? अण्णांना वाचता येतं."

"किती येतं?"

"मराठी येतं. चौथी झालीय त्यांची. आणि इंग्रजीत माझं नाव."

"हेच तर." सरांनी चष्मा काढला. "नाव वाचता येतं म्हटलंस की त्यांचा वकील विचारणार, मग त्याच ओळीतले बाकीचे शब्द का नाही वाचले? 'केवळ वैयक्तिक वापरासाठी' हे दिसलं नाही का? म्हणजे जाणूनबुजून केलं. निरक्षर म्हटलं की विषय संपला, अजाणतेपणी घडलं. एक शब्द आहे गं. अठ्ठावीस तारीख आहे आज. तुझ्या वडिलांना काय फरक पडणार आहे? ते काय नोकरी मागायला जाणार आहेत?"

तिला उत्तर द्यायचं होतं. फरक पडणार आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण डोक्यावर तारीख होती, बाहेरच्या खोलीत तोंडं फिरवलेली माणसं होती, आणि प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती तिच्या खोलीवर खोक्यात वाट बघत होत्या. "चालेल," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून तिला स्वतःची किळस आली. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही.

संध्याकाळी तिनं अण्णांना फोन केला. उद्या या, एका कागदाचं काम आहे. कसला कागद ते तिनं सांगितलं नाही, आणि अण्णांनी विचारलं नाही. "धुतलेली कापडं घालून येतो," एवढंच म्हणाले.

*

अण्णा आले तेव्हा अंगावर पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि नवा पटका होता. सत्काराला आल्यासारखे दिसत होते. संचालकांच्या खोलीत संचालक, रामप्रसाद सर, मोनाली मॅडम आणि लेखनिक पुंडलिक. अण्णांनी सगळ्यांना रामराम घातला. बसायला खुर्ची दिली तेव्हा ते कडेवर टेकले, पाठ ताठ ठेवून.

पुंडलिकनं कागद वाचून दाखवला. मराठी वर, खाली त्याचं इंग्रजी. "मी, कारभारी, राहणार पिशोर, तालुका कन्नड, व्यवसाय मेंढपाळ, लिहून देतो की मी निरक्षर असून सदर कागद काय आहेत याची मला समज नव्हती. सदर कागद मी माझी मुलगी योगिनी हिच्या नकळत व परवानगीशिवाय घेऊन त्यांच्या प्रती काढल्या. सदर पुस्तकाशी, त्यातील मजकुराशी व चित्रांशी माझा अथवा माझ्या कुटुंबाचा कोणताही संबंध नाही. झाल्या प्रकाराबद्दल मी बिनशर्त माफी मागतो."

पुस्तकात ज्याच्या नावाला जागा नव्हती त्याचं नाव अखेर लंडनला जाणार होतं, या कागदावरून. योगिनी भिंतीकडं बघत राहिली.

"चित्रांशीबी नाय?" अण्णांनी हळूच विचारलं.

"तसं लिहावं लागतं कारभारी," सर म्हणाले. "कायद्याची भाषा असते ती."

"माहा फोटो हाय त्याच्यात साहेब."

"असू दे. हक्क नाही असा त्याचा अर्थ."

"बरं. लिव्हा मंग." अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं. टोपण काढून पेनाच्या मागं बसवलं, कागद स्वतःकडं ओढला, सरळ केला आणि सहीची जागा शोधायला खाली वाकले.

"ओ बाबा, सही नका करू." पुंडलिकनं कागदावर हात ठेवला. "वर निरक्षर लिवलंय. निरक्षर माणसाची सही कशी चालंल? अंगठा लागतो. थांबा, पॅड देतो."

अण्णांचा हात तसाच राहिला. त्यांनी मान वर करून योगिनीकडं पाहिलं. त्यांना हा शब्द वाचताना ऐकू आला नव्हता असं नाही, आला होता. पण कागदावरचा शब्द कागदावरच राहील असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. रामप्रसाद सर खिडकीबाहेर बघू लागले होते, संचालक फोनमध्ये होते. खोलीत एकाच माणसाला बोलायचं होतं, आणि बोलायचं वाक्य फार लहान होतं: त्यांना सही येते. तिच्या शाळेच्या दाखल्यापासून वसतिगृहाच्या अर्जापर्यंत पालकाची म्हणून जी जी सही लागली, ती याच हातानं केली होती.

ती बोलली नाही. पुंडलिकनं शाईचं पॅड उघडून पुढं ठेवलं. अण्णांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात परत खोवलं, आणि विचारलं, "कोनता? डावा?"

"डावा."

पुंडलिकनं त्यांचा अंगठा धरला, पॅडवर दाबला, कागदावर टेकवला आणि इकडून तिकडं लोळवला. जनावराचा पाय धरतात तसा तो धरला होता. ठसा छान उमटला. संचालक म्हणाले, "झालं बाबा, या आता," आणि मोनाली मॅडमनी ना-हरकत दाखल्यावर तिथंच शिक्का मारून तो योगिनीला दिला. सरांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

जिन्यावर अण्णा म्हणाले, "झालं ना काम?"

"झालं आण्णा."

"मंग झालं तर."

आण्णा, मी लिहिलं नाही ते, सरांनी लिहिलं, असं तिला सांगावंसं वाटलं, आणि ते किती भिकार आहे हेही कळलं. फाटकाशी रखवालदारानं पाहुण्यांची वही पुढं केली. बाहेर पडताना वेळ टाकून पुन्हा सही करायची, असा तिथला नियम होता. तो हसून म्हणाला, "बाबा, अक्षर लई झ्याक आहे तुमचं. सकाळची सही पाहिली मी. घ्या, इथं करा."

अण्णांनी त्यानं पुढं केलेलं पेन घेतलं नाही. डावा अंगठा अजून निळाच होता. त्यांनी तो जिभेवर ओला केला आणि वहीच्या रकान्यात दाबला.

"ओ बाबा, हे काय?" रखवालदार बुचकळ्यात पडला. "येताना तर सही केली होती."

"येताना येत व्हती," अण्णा म्हणाले, आणि पटका सारखा करत रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

रखवालदाराला तो विनोद वाटला. तो हसला, आणि वही फिरवून त्यानं योगिनीपुढं धरली, कारण पाहुणा तिचा होता आणि खाली तिची सही लागत होती. तिनं दाखला काखेत धरला, पेन घेतलं आणि सही केली.